पॅनल फुटलेलं नको

"या बारीले माह्या पॅनलचा एक मानूस जरी फुटला, त नाव बदलवून टाकीन!"

दुधरामभाऊंनी चौकातल्या पानठेल्यासमोर उभं राहून हे जाहीर केलं, तेव्हा पानठेलेवाल्यानं चुना लावता लावता विचारलं, "कोनतं नाव, भाऊ? दोन आहेत तुमाले."

आणि सगळा चौक खो-खो हसला!

दुसरं नाव होतं 'फुटाने'. ते कसं पडलं हे केशोरीच्या बाजारात कुणालाही विचारा, तो भाजीचं माप खाली ठेवून सांगेल. गावात एक सेवा सहकारी संस्था आहे. तिथं खत येतं, धान मोजला जातो आणि उरलेल्या वेळात भांडणं होतात. पाच वर्षांपूर्वी तिच्या निवडणुकीत भाऊंनी तेरा उमेदवारांचं पॅनल उभं केलं होतं. फोटो काढला, पत्रकं छापली. आणि अर्ज मागे घ्यायच्या शेवटच्या दिवशी, तीन वाजायला दहा मिनिटं असताना, त्यांतले चार जण समोरच्या पॅनलच्या जीपमधून उतरले, अर्ज मागे घेतले आणि त्याच जीपमध्ये बसून निघून गेले. जाता जाता जीपवाल्यानं भाऊंना हॉर्नसुद्धा दिला!

पॅनल फुटलं. तेव्हापासून भाऊ कुठल्याही दुकानासमोर थांबले, की आतून आवाज येई, "पावभर बांधू का, भाऊ?" मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात तर पंगतीत बुंदीच्या आधी त्यांच्या पत्रावळीवर फुटाणे पडले. पाच वर्षं माणसानं फुटाण्यांकडे पाठ फिरवून जगायचं, ही काय सोपी गोष्ट आहे?

म्हणून या वेळी भाऊंनी पॅनलला कुंपण घातलं. कुठलाच माणूस भरवशाचा नाही, हे गृहीत धरून. प्रत्येक उमेदवाराकडून माघारीच्या कोऱ्या अर्जावर आधीच सही घेतली आणि ते अर्ज घरच्या आलमारीत, धोतरजोडीच्या खाली ठेवले. कुणी वाकडं पाऊल टाकायच्या आत आपणच त्याला काढायचा! शिवाय प्रत्येक जागेला एकेक डमी उमेदवार. डमींच्या माघारीच्या अर्जांची फाईल त्यांनी आपल्या उजव्या हाताला, म्हणजे मनिरामला देऊन ठेवली होती. "शेवटच्या दिवशी, बारा वाजता, सगळ्याईचे एकदम देऊन टाकजो. एक बी ठेवू नको."

महिलांच्या दोन जागा होत्या. एकीवर शामकलाबाई. दुसरीवर भाऊंनी स्वतःच्या सुनेचं, गुंजनचं नाव टाकलं. घरचं माणूस कुठं फुटतं? तिची डमी म्हणून शेजारच्या वच्छलाबाई. समोरच्या पॅनलला शोधून शोधून एकच बाई मिळाली होती, डिंपल नावाची. त्यामुळे या दोन जागांकडे भाऊ दुधावरच्या सायीसारखे पाहत.

गुंजन बीएस्सी झालेली, माहेर गोंदियाजवळ कुडव्याचं. गावच्या हायस्कुलात तासिकेवर विज्ञान शिकवी. नवरा भुपेंद्र रायपूरला नोकरीला, पंधरा दिवसांनी येणारा. निवडणुकीला उभी राहशील का, असं तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारणार तरी कसं? भाऊंच्या घरात सासरा आणि सून एकमेकांशी थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, रीतच तशी. दोघं तीन फुटांवर उभी असली तरी निरोप भाऊंच्या बायकोच्या, रुख्माबाईंच्या मार्फत जाई.

"तिले सांग, चहात साखर नाई."

"आई, मामाजींना सांगा, डॉक्टरांनी नाही म्हटलंय."

"तिले सांग, डॉक्टरले नाई समजत."

रुख्माबाई मध्ये बसून तांदूळ निवडत राहायच्या. निरोप दोघांनीही ऐकलेला असायचा, त्यामुळे त्या तोंड उघडायचे कष्ट घेत नसत.

माघारीची मुदत संपायला तीन दिवस होते. भाऊ न्हाणीत होते. तोंडाला साबण, डोळे बंद. आणि टिनाच्या भिंतीपलीकडे गुंजनचा आवाज आला. फोनवर बोलत होती.

"हो, पॅनलच पाहिजे. जुनं चालेल. फक्त फुटलेलं नको. फुटलं की संपलं, मग त्याचा काही उपयोग नाही."

भाऊंचा ऊर भरून आला. याला म्हणतात घरचं माणूस!

"मागची लाईट गेलेली असेल तर फारच छान. मागचं सगळं मी काढूनच टाकणार आहे."

भाऊंचा साबणाचा हात थांबला. मागचं? पॅनलच्या मागं तर ते स्वतः होते!

"नाही हो, एकटी करीन. एकेक ढिला करायचा. घाई केली, जोर लावला, की कोपऱ्यातून फुटतं. मला माहीत आहे."

साबण डोळ्यात गेला. पाणी घ्यावं तर तांब्याचा आवाज होईल, म्हणून भाऊ जळत्या डोळ्यांनी तसेच उभे राहिले.

"घरी? नाही, मामाजींना नाही सांगितलं. नकोच. परवा कुडव्याला येते, तिथंच पाहते आणि घेऊन जाते."

भाऊ बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे टमाट्यासारखे लाल झाले होते. रुख्माबाईंनी विचारलं, "रडून रायले का?"

"अवं, तुही सून कोनासंग बोलून रायली होती?"

"कायबद्दल?"

"पॅनलबद्दल!"

"हां, ते. घेऊन रायली ना ते एक पॅनल."

बायकोला माहीत होतं! भाऊंनी खाटेची पाटी धरली. "कोनाचं?"

"मले का माहीत कोनत्या कंपनीचं आहे त. जुनं आहे मने. सस्त्यात भेटून रायलं."

सस्त्यात! तेरा माणसांचं पॅनल, आणि सस्त्यात! "घेऊन काय करनार?"

"खोलनार. आन मंग भितीवर दाखवनार सगळ्या गावाले."

"काय दाखवनार?"

"पेशी."

आता विज्ञान शिकलेल्या माणसाला पेशी म्हटलं की शाळेतला सूक्ष्मदर्शक आठवतो. पण भाऊंनी शेताच्या एका धुऱ्यासाठी, म्हणजे बांधासाठी, अकरा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या. त्यांना माहीत असलेली पेशी एकच. सकाळी अकराला हजर राहायचं आणि संध्याकाळी पुढची तारीख घेऊन परत यायचं, ती!

"कोनाची पेशी?" त्यांनी विचारलं.

"मी काई विचारलं नाई. तिच्या शाळेच्या कामात मी कायले पडू? तुमाले यवढं आहे त तुमीच विचारा ना तिले!"

हे मात्र शक्य नव्हतं.

त्या दिवसापासून भाऊंच्या नजरेला धार आली. आणि बघावं तर घरातून वस्तू नाहीशा व्हायला लागलेल्या! खळ्यात धान चुरताना लावायचा मोठा फोकस लाईट खुंटीवरून गेला. बियाण्याच्या धानाचं प्लायवूडचं खोकं गेलं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यांचं वाचायचं भिंग गेलं. पाठ्यपुस्तकाएवढा सपाट, पारदर्शक पत्रा होता तो. कागदावर ठेवला की अक्षर बोराएवढं दिसे. त्याच भिंगातून ते मतदार यादी वाचत.

"तिले विचार, माहं भिंग पाह्यलं का."

"आई, सांगा, चार दिवसांनी देते."

चार दिवसांनी! म्हणजे माघारीची मुदत संपल्यावर! यादी वाचता येऊ नये म्हणून भिंगच उचललं! भाऊंनी असे डावपेच पंचायत समितीतही पाहिले नव्हते.

तिसऱ्या दिवशी गुंजन कुडव्याला माहेरी निघाली. तिच्या मागच्याच डब्यात, तोंडाला दुपट्टा गुंडाळून, भाऊ गोंदियाच्या गाडीत बसले. घरी सांगितलं होतं, मळणी यंत्राचा पट्टा आणायला जातो. मनिरामलाही हेच सांगितलं. कारण मनिराम फार सहज "जा ना भाऊ" म्हणाला होता, आणि हल्ली जो सहज बोले त्याच्यावर भाऊंचा पहिला संशय जाई.

कुडव्यात गुंजन एका जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात शिरली. दुकान कसलं, टीव्ही, मिक्सर, कूलर, वॉशिंग मशीन यांचं वृद्धाश्रम! भाऊ एकावर एक रचलेल्या कूलरच्या मागे उकिडवे बसले. तिथून काउंटर दिसत नव्हता, फक्त आवाज येत होता. दिसला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं! कारण काउंटरवर एकोणीस इंची जुना एलसीडी मॉनिटर पालथा पडला होता. गुंजनला त्याची आतली काच, म्हणजे पॅनल, हवी होती. काचेवर लॅपटॉपमधलं चित्र आणायचं, मागे दणदणीत दिवा लावायचा, पुढे भिंग बसवायचं, आणि घरच्या घरी प्रोजेक्टर तयार. शाळेत प्रोजेक्टर नव्हता, आणि दहावीच्या वर्गानं पेशी म्हणून पाहिला होता तो फक्त पुस्तकातला सुपारीएवढा गोल. मागचा मूळ दिवा काढूनच टाकायचा असल्यामुळे तो गेलेला मॉनिटर घेणं, हे तिच्या हिशेबानं सरळ होतं.

दुकानदार गुलशनच्या हिशेबानं ते अजिबात सरळ नव्हतं.

"मॅडम, ये वाला लो ना. एकदम चकाचक. उसकी तो पीछे की लाईट गयी है."

"मला तीच गेलेली पाहिजे."

"गयी हुई चाहिए?" गुलशनचा आवाज खाली आला. "काहे को?"

"मागचं सगळं काढून टाकायचं आहे. फक्त पॅनल ठेवायचं."

"अंदर कुछ है क्या? सोना-वोना?"

"आत काच आहे."

"काच के लिये कोई केशोरी से कुडवा आता है?"

"माझं माहेर आहे इथं."

 गुलशननं मॉनिटर उचलून कानाशी हलवून पाहिला. आत काहीतरी आहे आणि या बाईला ते माहीत आहे, याची त्याला खात्री पटली. "सातसौ बोला था, मगर अब नौसौ लगेगा."

"असं कसं? आणि हे पाहा, डावीकडची एक अख्खी लाईन गेलेली आहे."

कूलरमागे भाऊंनी छातीवर हात ठेवला. डावीकडची लाईन! देवळाच्या डाव्या हाताला घरांची एक लाईन होती. बावीस मतदार! तीसुद्धा गेली?

"अरे मॅडम, एक लाईन से क्या होता है? बाकी पूरा पॅनल तो आप के साथ है!"

"उद्या फुटलं तर? गॅरंटी काय?"

"पॅनल की गॅरंटी कोई नहीं देता. आज है, कल हाथ लगाते ही फूट गया."

या वाक्याला भाऊंनी नकळत मान डोलावली. इतकं खरं पाच वर्षांत कुणी बोललं नव्हतं! पण मान डोलवताना डोकं वरच्या कूलरला लागलं आणि सगळी चळत खडखडली.

"कौन है बे?"

गुलशन आला. पाहतो तर दुपट्ट्यात गुंडाळलेला, फक्त डोळे दिसणारा एक म्हातारा कूलरमागे उकिडवा बसलेला! आता गुलशनला सगळंच कळलं. बाई पुढून, माणूस मागून. टोळी आहे!

"ओ काका! कूलर लेना है कि छुपना है?"

भाऊंनी हातानं 'हळू बोल' अशी खूण केली. आवाज ऐकून सून ओळखेल. घाईत त्यांनी समोरच्या कूलरवर बोट ठेवलं. गुलशननं भाव सांगितला. भाऊंनी मान हलवली. गुलशननं आणखी वाढवून सांगितला. भाऊंनी तरी मान हलवली. असं गिऱ्हाईक गुलशनला आयुष्यात भेटलं नव्हतं!

ऐन जानेवारीत, गाडीभर माणसं स्वेटर घालून बसलेली असताना, दुधरामभाऊ मांडीवर कूलर घेऊन परत आले.

"अजी, थंडीत कूलर कायले?" रुख्माबाईंनी विचारलं. "आन पट्टा कोठी आहे?"

"सस्त्यात भेटला," भाऊ म्हणाले, आणि कूलर ओसरीत ढकलून आलमारीकडे गेले.

धोतरजोडीच्या खालून त्यांनी एक अर्ज काढला. त्यावर नेटक्या, सरळ अक्षरात सही होती. गुंजन भुपेंद्र. कशी सही केली होती पोरीनं! एक काना इकडचा तिकडं नाही. ज्यांची सही इतकी नीट असते, त्यांच्या मनात नक्की काहीतरी असतं!

डाव भाऊंना आता पूर्ण दिसत होता. कुडव्याचा तो दलाल, डावी लाईन, भिंतीवर पेशी. तीन वाजायला दहा मिनिटं असताना पुन्हा जीप येणार. पण या वेळी जीपच्या आधी ते स्वतः जाणार होते! सुनेला काढायचं, वच्छलाबाईला ठेवायचं. तिला ना शिक्षण, ना फोन, ना माहेर. आणि ही गोष्ट कुणाला सांगायची नाही. रुख्माला नाही, मनिरामला तर मुळीच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्जुनीला निवडणूक कचेरीबाहेर मनिराम चहा पीत उभा होता. भाऊंना पाहून तो खुलला.

"भाऊ, काम फत्ते! आता तीन वाजले का गुलाल!"

"तू यवढा खूश काऊन आहेस गा?"

"म्हंजे? तुमचंच काम करून रायलो ना मी."

"कोनतं काम?"

"तुमी सांगतलं तेच. बाकी आत चाला, दाखवतो."

"मले नोको दाखवू!" भाऊ गुरगुरले. दाखवण्याच्या निमित्तानं हा आपल्याला आत अडकवून ठेवणार आणि तेवढ्यात जीप येणार. "तू इथंच थांब. त्या चहावाल्याच्या मांग. रस्त्यावर लक्ष ठेव. जीप आली का खोकलजो."

मनिराम बिचारा खोकल्याची तयारी करून उभा राहिला.

तीन वाजायला आठ मिनिटं होती. भाऊंनी आत जाऊन अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला. सूचक म्हणून तेच होते, अधिकारपत्र जोडलेलं होतं, सगळं कायद्यात. साहेबांनी अर्ज पाहिला, भाऊंकडे पाहिलं, पुन्हा अर्ज पाहिला.

"दुधरामभाऊ, हा तुमच्या सूनबाईंचा आहे."

"मालूम आहे."

"मागे घ्यायचा? नक्की? बसा, पाणी प्या."

पाणी! वेळ काढतात! "साहेब, घड्याळ पाहा. आधी शिक्का मारा, मंग पानी."

साहेबांनी शिक्का मारला. भाऊंनी श्वास सोडला. बाहेर खोकला नव्हता, जीप नव्हती. शेवटी दुधराम जिंकला होता! तीन वाजले. शिपायानं दार लोटलं. भाऊंनी खुर्ची ओढली, पाण्याचा घोट घेतला आणि मिशीला हात लावून विचारलं, "आता महिलामंदी आमच्या शामकलाबाई आन वच्छलाबाई. बरोबर?"

"वच्छलाबाई कुठून? त्यांचा अर्ज बारा वाजताच मागे गेला."

भाऊंनी पेला टेबलावर आपटला. "कोनं घेतला?"

"तुमच्याच मनिरामनं. फाईल घेऊन आला होता, तेरा अर्ज होते. मी विचारलंही, सगळे का? तर म्हणाला, भाऊचा हुकूम आहे, एक बी ठेवू नको."

बाहेरून मनिरामचा खोकला ऐकू आला. जीप आली होती. समोरच्या पॅनलवाले आपला निकाल बघायला आले होते. जागा दोन, उमेदवार उरल्या दोन. शामकलाबाई आणि डिंपल. मत न मागता, चहाचा एक कप न पाजता, डिंपल संस्थेची संचालक झाली! आणि भाऊंचं तेराचं पॅनल बारावर आलं.

 परत येताना मनिराम म्हणाला, "भाऊ, एक विचारू? मले फक्त एक शब्द सांगतला असता त?"

 जीपवाल्यानं मागून येऊन हॉर्न दिला आणि पुढे गेला.

गावात शिरेपर्यंत अंधारून आलं होतं. डिंपलच्या आळीत फटाके वाजत होते. भाऊंच्या मनात आता एकच आधार उरला होता. पॅनल आपण फोडलं खरं, पण ते सून फोडणारच होती! काही मिनिटांनी आपण पुढं होतो, एवढंच. घरी जाऊन रुख्माच्या मार्फत सरळ विचारायचं, असं ठरवून ते ओसरीवर चढले.

ओसरीत गाव जमलं होतं! गुंजनच्या वर्गातल्या मुली, त्यांच्या आया, वच्छलाबाई, शामकलाबाई, मागे पानठेलेवालाही. मधोमध स्टुलावर बियाण्याच्या धानाचं खोकं. खोक्याच्या आत त्यांचा खळ्यातला फोकस, शेजारी गुंजनचा लॅपटॉप. पुढच्या भोकाला त्यांचं वाचायचं भिंग, पट्टीनं मापून, चिकटपट्टीनं घट्ट बसवलेलं. आणि मागच्या बाजूला, फोकस तापू नये म्हणून वारा घालणारा, कालच्या कूलरचा पंखा!

गुंजनचे दोन्ही हात खोक्यात अडकले होते. रुख्माबाई स्वयंपाकघरात होत्या. इकडे तिकडे पाहून तिनं लग्नानंतर पहिल्यांदा सासऱ्याला थेट हाक मारली.

"मामाजी, तेवढा वरचा लाईट बंद करता का? मला पॅनल सोडता येत नाही, फुटेल."

भाऊ जागीच खिळले. "कोनतं पॅनल?"

"हे," गुंजन म्हणाली आणि खोक्यातून काचेचा एक पातळ, काळपट तुकडा अलगद वर करून दाखवला. "कुडव्याहून आणलं. आधी सांगितलं नाही, कारण मागं मी रेडिओ खोलला होता तेव्हा तुम्ही आईंच्या मार्फत फार बोलला होता. कूलर मात्र अगदी वेळेवर आणलात हो! पंख्याचं कसं करावं हेच सुचत नव्हतं."

भाऊंनी लाईट बंद केला. त्यामुळे निदान त्यांचा चेहरा कुणाला दिसला नाही.

आणि पांढऱ्या भिंतीवर, जमिनीपासून छतापर्यंत, विटांसारख्या लांबट चौकटी उमटल्या. एकीला लागून दुसरी, दुसरीला लागून तिसरी. प्रत्येकीत एक ठिपका. डाव्या बाजूला एक काळी उभी रेघ होती, पण तिकडे कुणी पाहत नव्हतं. मुलींनी "अगं बाई!" केलं.

"ही कांद्याची पेशी," गुंजन खोक्याजवळ उभी राहून सांगत होती. "कांद्याचा पापुद्रा म्हणजे अशा हजारो पेशी. पाहा, कशा एकमेकींना धरून आहेत. मध्ये फट नाही. कुणी एकटी सुटत नाही."

हे वाक्य भाऊंना फार लागलं.

तेवढ्यात मनिरामनं दारातूनच, अंधारात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, की भाऊनं सुनेचा अर्ज मागे घेतला आणि डिंपल बिनविरोध आली. 

"खरंच, मामाजी?" गुंजन म्हणाली. "बरं झालं! दहावीचे जास्तीचे तास, त्यात त्या संस्थेच्या मीटिंगा. कसं सांगावं तेच कळत नव्हतं. तुम्ही न सांगता ओळखलंत!"

भाऊ हळूच भिंतीला टेकून बसले. रुख्माबाई मोठी परात घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्याजवळ थांबल्या. अकरा वर्षं पेश्या आणि पाच वर्षं टोमणे सोसलेल्या बाईनं नवऱ्याकडे वरून खाली पाहिलं.

"पोरीनं ते पॅनल गोंदियाहून गाडीत आनलं. खोललं, पुसलं, खोक्यात बसवलं. एक चीर गेली नाई. आन तुमी त हात न लावता फोडलं, बापा!"

ओसरी हसली. पेशीसुद्धा भिंतीवर हलली, कारण गुंजनही हसत होती आणि तिचा हात खोक्याला लागला होता.

मग परात फिरू लागली. सिनेमासारखं वाटावं म्हणून गुंजननं खाऊ सांगून ठेवला होता. प्रत्येकाच्या ओंजळीत एकेक मूठ पडत भाऊंपर्यंत आली. अंधारात त्यांना काही दिसलं नाही. त्यांनी हात पुढे केला, एक दाणा तोंडात टाकला, चावला, आणि थांबले.

फुटाणे होते.

मागून पानठेलेवाल्याचा आवाज आला, "भाऊ, नाव बदलवाचं होतं ना? का हेच राहू देवाचं?"

"राहू दे," दुधरामभाऊ म्हणाले आणि मूठ संपवून, कुणाच्याही मार्फत नाही, सरळ हात पुढे करून म्हणाले, "गुंजन, पोरी, आनखी थोडे दे."